मिस्त्रींचा उरलेला शब्द

अर्धांगाचा झटका आला आणि मिस्त्रींच्या तोंडचे सगळे शब्द गेले. उरला फक्त ‘सेट’. देवाच्या थट्टेला तरी काही ताळतंत्र हवं! जन्मभर शिव्यांची लाखोली वाहणाऱ्या माणसाला एकच शब्द ठेवायचा होता, तर एखादी कचकचीत शिवी तरी ठेवायची.

पण त्यांची हयात छताचं प्लास्टर करण्यात गेलेली. माल घट्ट झाला की सेट. नव्या कारागिराचा हात बसला की सेट. थाप्यांची पिशवी म्हणजे सेट, टीव्ही म्हणजेही सेट, आणि लेकीला नोकरी लागली तेव्हा म्हणे, “चला, पोरगी सेट झाली!”

बायकोने या एका शब्दावर नवा संसार मांडला. लांबवून म्हटलं की कूस बदलायची. तुटक म्हटलं की टीव्ही लावायचा. डोळे मिचकावून म्हटलं की शेजारच्यांचं काहीतरी बिनसलंय, ते सांग. लेक वैतागायची, “आई, मला तर सगळं एकच ऐकू येतं.”

“संसार मी केलाय त्यांच्याशी, तू नाहीस,” ती ठसक्यात म्हणायची. खरं तर ती सुखात होती. ज्या माणसाने कधी तिला धड विचारलं नाही, तो आता तिच्याशिवाय कुणाशी बोलूच शकत नव्हता.

मग घास उतरेनासा झाला. पाणीसुद्धा ठसका लावून बाहेर यायचं. डॉक्टरीणबाई पलंगाशी बसल्या, सगळं नीट समजावलं आणि म्हणाल्या, “मिस्त्री, पोटात नळी बसवली तर अजून बरेच दिवस निघतील. पण खाणं-गिळणं परत येणार नाही. बसवू?”

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. चालणारा हात उचलला, पालथा धरला आणि हळूच मागे घेतला. “सेट.”

तिला लख्ख कळलं. पूर्वी ती कामावर डबा घेऊन गेली होती, तेव्हा एक कारागीर घमेल्यातल्या घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून ढवळत होता. मिस्त्रींनी असाच हात मागे घेऊन दाखवला होता. “सेट झालंय ते. आता पाणी घालून काही होत नाही. हात काढ.”

“काय म्हणतायत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. लेकही आईच्याच तोंडाकडे बघत होती.

“बसवा म्हणतायत,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान वळवली. त्यांचा राग तिने आयुष्यभर सोसला होता, तो तिला चालला असता. पण ते नुसते बघत राहिले, अनोळखी बाईकडे बघावं तसे.

नळी बसली. मिस्त्रींचं वजनही वाढलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. घरी आल्यापासून ते स्वतःच घोटलेल्या छताकडे बघत पडलेले असत, तोंड मिटून.

“बाबा बोलत का नाहीत गं?” लेकीने विचारलं.

“थकलेत,” आई म्हणाली.

लेक कामावर गेली. बायको पलंगाशी वाकली. “अहो, कूस बदलू? टीव्ही लावू?” मग म्हणाली, “एकदा म्हणा ना. चुकलं माझं. आता जे म्हणाल, तेच सांगेन मी डॉक्टरीणबाईंना.”

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मग जेवणाची वेळ झाली. तिने भांड्यातल्या पावडरीत पाणी घातलं, गुठळी राहणार नाही असं ढवळलं आणि नळीत ओतलं.