चौऱ्याहत्तर अंश

रंजितानं बाटलीचं झाकण उघडलं, बाटली मुलाच्या ओठांना लावली आणि दुसरा हात त्याच्या हनुवटीखाली धरला. संदेश एकोणीस वर्षांचा होता. त्याचे दोन्ही पंजे मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते आणि ते त्यानं मांडीवर उताणे ठेवले होते. दोन घोट पिऊन त्यानं मान वळवली.

"इनफ, मम्मी."

टेबलापलीकडे सुहा मॅडम फोन पालथा ठेवून थांबल्या होत्या. कॉलेजच्या विद्यार्थी विभागाच्या त्या प्रमुख. शेजारच्या खुर्चीत संघप्रिया बसली होती, प्रयोगशाळेचा पांढरा कोट न काढताच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. सकाळी तिला फोन आला होता : तू मराठी आहेस ना? अर्धा तास खाली ये.

"आईला तिच्या भाषेत सांग," सुहा मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. "सोपं करून. वकिलांच्या भाषेनं ती घाबरेल."

"वडील?"

"महादेव ड्यूटीवर आहे. पाहुण्यांना घेऊन कॉजवेच्या पुलावर पाठवलंय. एकविसाच्या आतल्या मुलासाठी इथं एका पालकाची सही पुरते."

महादेव कॉलेजचीच बस चालवायचा. फाईलमध्ये सगळ्यात वर त्याच्या रेसिडेन्स कार्डाची प्रत होती, आणि मुदतीच्या तारखेखाली पेन्सिलनं रेघ. नोव्हेंबर.

रंजिता संघप्रियाकडे पाहून हसली. "बरं झालं बाई, कोणीतरी बोलणारं भेटलं. कुठल्या हो तुम्ही, ताई?"

"अकोल्याची. संघप्रिया."

नाव ऐकून रंजिता क्षणभर थांबली. मग तिनं ओढणी सारखी केली.

"असू दे. इथं आपली भाषा बोलेल तो आपला." ती मुलाकडे वळली. "ह्याला सगळं कळतं हो मराठी. बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. पण ह्याला कायद्याचं काय विचारणार? ह्याचे बाबा म्हणाले, मॅडम सांगतील तसं कर."

संघप्रियानं तडजोडीचा कागद पुढे ओढला. सहा मुद्दे होते. त्याच्या खाली संदेशची तक्रार होती, मित्राकडून टाईप करून घेतलेली. फोनवर आलेली तिची प्रत तिनं खाली येताना जिन्यात वाचली होती, आणि मग एका पायरीवर उभं राहून पुन्हा वाचली होती.

मॅच हरली की कोच मुलांना मैदानावर रांगायला लावायचा, या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत, उघड्या हातांनी. मैदान कृत्रिम गवताचं. जो उठेल त्यानं परत पहिल्यापासून. संदेश दोनदा उठला होता. आणि पुढे लिहिलं होतं : वेळ कोच ठरवायचा. त्याच्याकडे एक कागद होता, त्यात कुठल्या तासाला मैदान किती तापतं ते लिहिलेलं, आणि खाली लॅबमधल्या कुणाचं तरी नाव. तो म्हणायचा, एक वाजता या, एक वाजता सगळ्यात छान असतं.

तो तक्ता संघप्रियाचा होता. गेल्या जुलैत तिनं विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला मैदान मोजलं होतं. एक वाजता हवा चव्वेचाळीस अंश, गवत चौऱ्याहत्तर. आकडे पाहून ती घाबरली होती. इथल्या भर उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत दुपारी मजुरांना उन्हात कामाला लावायला सरकारची बंदी असते. खेळाडू मजूर नसतात. अकरानंतर मैदान बंद ठेवावं असं पत्र लिहून, तक्ता जोडून, प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे खाली नाव घालून तिनं ते या ऑफिसला दिलं होतं. उत्तर आलं होतं : नोंद घेतली आहे, माहितीसाठी क्रीडा विभागाकडे पाठवत आहोत.

"पहिला मुद्दा," ती म्हणाली. "सरावाच्या वेळी संदेशच्या हातांना इजा झाली."

"हो."

"दुसरा, दवाखान्याचं सगळं कॉलेज बघेल. तिसरा, त्याचं वर्ष वाया जाणार नाही."

"देव भलं करो."

चौथा मुद्दा एका ओळीचा होता. मैदान धोकादायक पातळीपर्यंत तापते याची पूर्वकल्पना महाविद्यालयातील कोणालाही नव्हती.

संघप्रिया थांबली. त्या खोलीत मराठी कळणारे तिघेच होते. ती काय बोलते हे सुहा मॅडमना कधीच कळलं नसतं. सही करू नका, एवढे तीन शब्द पुरले असते. भिंतीवरचा एसी घरघरत होता. तिनं कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ मिटली. तिच्या नवऱ्याचं, उज्ज्वलचं, तुबली भागातलं वर्कशॉप बंद होऊन चार महिने झाले होते. तो आणि मुलगी अक्षता दोघंही तिच्याच व्हिसावर होते.

"काय झालं, ताई?"

"चौथा... चौथ्यात लिहिलंय, हे कोणी मुद्दाम केलेलं नाही."

"मुद्दाम कोण करील?" रंजिता म्हणाली. "शिकवणारी माणसं. जरा कडक असतात. आमचे मास्तर तर वेताच्या छडीनं फोडायचे."

संदेशनं मान वर केली.

"पाचवा, कोच इथून जातायत." त्यांना उत्तम कामाचं प्रशस्तिपत्र देऊन, हे तिनं सोडलं. सहाव्या मुद्द्यात लिहिलं होतं की हे कुटुंब पोलीस, मंत्रालय, वकील किंवा वर्तमानपत्र यांपैकी कोणाकडेही आज किंवा पुढे कधीही तक्रार करणार नाही. "आणि सहावा," ती म्हणाली, "पुढची धावपळ तुम्हाला करावी लागणार नाही."

रंजितानं डोळे पुसले. "धावपळीचीच तर भीती होती हो. सलमानिया हॉस्पिटलात आठ दिवस बाकड्यावर काढलेत मी. त्यात ह्यांची ड्यूटी. कुठं कुठं जाणार माणूस?"

सुहा मॅडमनी पेन तिच्यापुढे ठेवलं. "यल्ला, सिस्टर. साइन हिअर."

रंजितानं पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि थांबली. तिनं मुलाच्या दंडाला कोपर लावलं.

"संदेश, तू वाचलायस ना कागद? बरोबर सांगितलं ना ताईंनी? काही राहिलं नाय ना?"

संदेश संघप्रियाकडे पाहत होता. चेहऱ्याकडे नाही, गळ्यातल्या ओळखपत्राकडे. त्यावरचं नाव त्यानं सावकाश वाचलं, ओठ किंचित हलवत. मग त्याची नजर फाईलवरच्या बापाच्या फोटोवर गेली आणि तिथं थोडा वेळ राहिली.

संघप्रियाला वाटलं, आता बोलेल. तिला वाटलं, बोलू दे.

"हो," तो म्हणाला. "बरोबर सांगितलं."

त्याचं मराठी स्वच्छ होतं.

रंजितानं सही केली. एकेक अक्षर जपून काढलं आणि आडनावाखाली रेघ ओढली. उठताना तिनं संघप्रियाचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमचे उपकार झाले हो. दुसरं कोणी असतं तर मला काय कळलं असतं? आता एक दिवस घरी या. जेवायलाच या. मी काही मानत नाय तसलं."

"येईन," संघप्रिया म्हणाली.

दारापाशी संदेश थांबला, आई कडी उघडेपर्यंत. हात त्यानं छातीपाशी उंच धरले होते. जाताना त्यानं मागे पाहिलं नाही.

सुहा मॅडमनी सहीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि तक्रारीचा कागद फाईलमधून काढून वेगळा ठेवला. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच संघप्रियाकडे नीट पाहिलं.

"छान केलंस. किती शांतपणे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका आईला एकानं हिंदीतून सांगितलं, तर ती बाई इथं रडत बसली." त्यांनी डायरी उघडली. "सोमवारी अजून एक पालक आहेत. सांगलीचे, मला वाटतं. त्या मुलाचे गुडघे आहेत. येशील?"

संघप्रियानं खिशातून हात बाहेर काढला. तळव्यात नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या. तिनं तो कोटावर पुसला.

"किती वाजता, मॅडम?"