गार पाण्याचा माणूस

आमच्या ह्यांना, म्हणजे तोकुझोंना, दोनच गोष्टींचा गर्व: स्वतःचं दगडी जातं आणि मागच्या झऱ्याचं बर्फगार पाणी. कुट्टूच्या, म्हणजे त्या काळ्या तिकोनी दाण्याच्या, शेवयांचं आमचं दुकान. गिऱ्हाइकाचा पहिला घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच हे विचारणार, "पाणी कसं लागलं?" शेवया मी लाटते, त्यांचं कोणी विचारत नाही.

सून सचिहो मात्र गरम पाण्याची. मागच्या पडवीत ती कडू जातीच्या कुट्टूतून रुटिन काढते; रक्तवाहिन्यांना बरं म्हणतात ते सत्त्व. स्पिरिट नाही, रसायन नाही. दाणे आधी वाफवायचे, मग भरडून गरम पाण्यात मुरवायचे. चोथा कोंबड्या खातात. मला त्यात नवल वाटलं नाही. शेवया उकडलेलं पाणी आम्हीही फेकत नाही, जेवणाच्या शेवटी गिऱ्हाइकाला प्यायला देतो. तिनं तेच जरा शिकून केलं, इतकंच.

ह्या कडू कुट्टूचं पहिलं पीक एक पोतं आलं. त्याच्या सत्त्वाचा नमुना चहाच्या व्यापाऱ्याला पसंत पडला तर पडवी चालणार, नाहीतर सचिहो मात्सुमोतो शहरातली नोकरी धरणार आणि मुलगाही तिच्यामागे जाणार. मला ती जायला नको होती. स्पष्टच सांगते, मुलापेक्षा मला तिचीच जास्त सवय झाली आहे.

एके दिवशी ती बाटल्या आणायला शहरात गेली आणि ह्यांना मदतीचा उमाळा आला. मी भाजी काढायला मळ्यात होते. ह्यांनी अख्खं पोतं कच्चंच दळलं आणि पीठ झऱ्याच्या पाण्यात कालवून ठेवलं. कुट्टू हाती पडला की ह्यांना दुसरं काही सुचतच नाही.

संध्याकाळी सचिहोने झाकण काढलं. आत पिवळाजर्द लगदा. बोटाने चाखला आणि तिनं तो थुंकून टाकला.

"बाबा, कच्चं पीठ गार पाण्यात भिजलं की रुटिन मोडतं. उरतो नुसता कडूपणा."

"अगं, पण पाणी झऱ्याचं होतं!"

"झालं ह्यांचं सुरू!" मी म्हटलं. "पोतं तर संपलं. आता कुट्टूच्या टरफलांनी भरलेली तुमची उशी उसवा आणि द्या तिला."

एरवी ती खळखळून हसली असती. त्या दिवशी सरळ वर गेली आणि बॅग भरायला बसली.

सकाळी दुकानावर 'आज बंद'ची पाटी. मुलाच्या लग्नातसुद्धा ती लागली नव्हती. आत हे शेवयांच्या मोठ्या पातेल्यावर चाळण ठेवून दाणे वाफवत होते. शेजारी पुढच्या पेरणीसाठी बाजूला राखलेल्या कडू कुट्टूच्या बियाण्याची पिशवी, अर्धी रिकामी.

"सूनबाई," ह्यांनी जिन्याकडे बघत हाक मारली, "एवढी वाफ पुरे का गं?"

ती खाली आली. दाणा दाताखाली दाबून बघितला. "अजून थोडी, बाबा."

संध्याकाळपर्यंत नमुना तयार झाला आणि व्यापारी आला. नमुन्याचा घोट घेतला, दुसरा घेतला. "पसंत आहे," म्हणाला. "पाणी कुठलं वापरता?"

आता झऱ्याचं पुराण लागणार, म्हणून मी सावरून बसले.

"पाण्याचं आमच्याकडे सूनबाई बघते," हे म्हणाले आणि पातेलं घासायला उठले.

व्यापारी गेल्यावर सचिहोने बियाण्याच्या पिशवीत हात घालून बघितला.

"आई, एवढं बी वरच्या शेताला पुरेल का हो?"

"पुरवू," मी म्हटलं.