कनवटीची चिमटी आणि पिवळी वाटी

"अंगावर पितं पोर घरात हाय तवर ती पिवळी भुकटी उंबऱ्याच्या आत घेऊ नको गो," असं गंगुबाई न्हाविणीनं सगुणेला सांगितलं होतं. सगुणा हसली होती. हसतानाही तिनं पदर ओठावर धरला होता, कारण तो ओठ तिला कोणाला दिसू द्यायचा नव्हता. मी तिच्या कनवटीला, कमरेच्या निऱ्यांत खोचलेली होते. मी सगळं ऐकलं.

मित्रांनो, मी एक जुनी चिमटी आहे. बोटभर लांब, आता गंजलेली, एक टोक किंचित वाकलेलं. आज तुम्हाला सापडले तर काटा काढायची म्हणून उचलाल आणि कुठेतरी ठेवून विसराल. पण माझं काम मुळापासून केस उपटण्याचं होतं, आणि मी ते चोख करत होते.

माझा जन्म कल्याणच्या एका लोहाराकडे झाला. आगगाडी सुरू होऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. गंगुबाईचा नवरा पोपट न्हावी कळव्याला घरोघर हजामती करायचा. एकदा त्याचा वस्तरा दगडावर पडून दुभंगला. पोलाद चांगलं होतं, टाकवेना. लोहारानं तो तुकडा तापवला, ठोकला, मधोमध वाकवला, आणि मी झाले. म्हणजे जन्मानं मी वस्तरा आहे. ही गोष्ट तूर्त तुमच्या पोटात ठेवा. रंगूबाईला कळली असती, तर तिनं मला त्याच दिवशी खाडीत फेकलं असतं.

रंगूबाई ही सगुणेची सासू. मला ती आवडत नव्हती, खोटं कशाला बोलू. मिठागरावर राबून तिचे हात राठ झाले होते आणि जीभ त्याहून राठ. सगुणा खडवलीची, लग्न होऊन कळव्याला आलेली. पहिलं बाळंतपण झालं, शकू जन्मली, आणि चार महिन्यांत सगुणेच्या वरच्या ओठावर आणि हनुवटीवर काळे केस उगवू लागले. भुवयाही मधोमध जुळल्या. बाळंतपणानंतर कुणाकुणाला असं होतं. पण हे तिला सांगणारं घरात कोणी नव्हतं.

एके सकाळी अंगणात बायका भात कांडत होत्या. रंगूबाई मुसळ थांबवून म्हणाली, "सगुणे, माजे महिपतची मिशी हरवली म्हनतात. तुजे तोंडावं सापडली का गो?"

बायका मुसळं टेकवून हसल्या. महिपत तिथंच पायांवरचं मीठ धूत होता. त्याला बायकोची बाजू घ्यायची होती, पण त्याला ते जमायचं नाही. तो म्हणाला, "असू दे ना आये. घरात एक मिशी जास्ती. चोर तरी भ्यायील."

बायका आणखी हसल्या. सगुणा त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या नणंदेचं, शेवंतीचं लग्न होतं. नवरीच्या मागे पाण्याचा कऱ्हा घेऊन उभं राहायचा मान वहिनीचा. सगळ्या गावाच्या नजरा त्या कऱ्ह्यावर असतात. रंगूबाईनं सरळ सांगितलं, "तोंड असंच राहिलं तर कऱ्हा माजे भावाची सून धरील. व्याह्यांसमोर माजी शोभा नको."

म्हणून गंगुबाई आली. ती शेवंतीच्या भुवया करायला आली होती. दोऱ्याचं एक टोक दातात धरून तिनं नवरीचं कपाळ झरझर लख्ख केलं. मग सगुणेला उजेडात बसवून तिची हनुवटी वर केली.

"दोरा लवेला बरा. तुझे हनुवटीचे केस जाडे हायत, ते दोऱ्यानं तुटतात आनि आत वळतात, मग पुळ्या. राख लावून चिमटीनं उपट. रोज धा केस, जास्ती नाय. पंधरा दिस लागतील."

"पंधरा दिस कुठून आणू, गंगुबाय? आठ दिसांनी हळद."

"मग वस्तरा. पोपटला सांगतंय, वाटीभर पान्यात काम होईल."

रंगूबाई ताडकन उठली. "माजा ल्योक जिता हाय. जित्या नवऱ्याचे बायकोचे गालाला वस्तरा लावतंस? वस्तरा कोनाला लागतो ठावं नाय तुला?"

वस्तरा विधवांना लागायचा. वरच्या जातीच्या घरांत नवरा मेला की न्हावी बोलवायचे, आणि ते भय खालपर्यंत सगळ्या बायकांच्या मनात उतरलं होतं. गंगुबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, ओठ मिटले, आणि मला सगुणेच्या हातात दिलं. "ही ठेव. धा केस, ध्यानात ठेव."

सगुणेनं पहिल्याच दिवशी चाळीस उपटले. मी काय करणार? ज्या हातात असते त्याच्या घाईनं चालते. दुसऱ्या दिवशी तिचा ओठ सुजला. मिठागरावर भाकरी द्यायला गेली तेव्हा खारा वारा आणि घाम त्या उघड्या छिद्रांत शिरला. परत आली ती रडतच. शकूला मांडीवरून खाली ठेवलं की ती टाहो फोडायची, मग एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात मी. तिसऱ्या दिवशी सगुणेनं मला भिंतीवर फेकलं. माझं टोक वाकलं ते तेव्हाच.

आणि मग पिवळी भुकटी आली.

रंगूबाईनंच आणली ती, ठाण्याच्या बाजारातून, जडीबुटी विकणाऱ्याकडून. हरताळ. बारीक वाटायची, वापरताना चुना मिसळायचा, लेप लावायचा, आणि थोड्या वेळानं पुसला की केस लेपाबरोबर निघून येतात. उपटणं नाही, वस्तरा नाही, पंधरा दिवस नाहीत. दिसायला सोन्यासारखी. मला पहिल्या नजरेलाच तिचा राग आला. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा मत्सर आहे. असेलही. पण मी चावले तर केसापुरती चावते. ती विषारी होती, आणि विष आहे असं तिच्या रंगावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

गंगुबाईनं बजावलं ते या वेळी. सगुणा हसली. तिला कऱ्हा दिसत होता.

हळदीच्या सकाळी तिनं हरताळ पाण्यात वाटून वाटीत काढली. चुना घालायचा बाकी होता. वाटी जात्यामागे ठेवली आणि ती शेजारणीकडे चुना मागायला गेली. दारात चार बायकांनी अडवलं, दोन शब्द झाले. मी तिच्या कनवटीला, म्हणून आत काय घडलं ते मी पाहिलं नाही. आम्ही परतलो तेव्हा वाटीतल्या पिवळ्या लगद्यावर तीन बोटांची खूण होती.

लग्नघर होतं ते. नवऱ्याकडची उष्टी हळद नुकतीच आली होती, घरात जिकडेतिकडे पिवळ्या वाट्या. उष्टी हळद तान्ह्याला लावली की दृष्ट लागत नाही, असं तिथं मानत. मागाहून कळलं, रंगूबाईनं हाताला आली ती वाटी ओढली आणि नातीच्या गालांना, तळव्यांना, कौतुकानं लावली. शकूनं मूठ तोंडात घातली होती.

सगुणेनं शकूची मूठ ओढून काढली, पाण्यानं तोंड धुतलं, धुतलं, पुन्हा धुतलं. घटका गेली तशी शकू ओकू लागली. मग तिची मान ढिली पडली. गंगुबाई धावत आली, पोरीच्या तळव्याला लागलेलं बोटावर घेऊन तिनं उन्हात धरलं. ते चमचमत होतं.

"हळद अशी चमकत नाय," ती म्हणाली. "महिपत, होडी काढ. ठाण्याला, डाक्तरकडे. आत्ताच."

मागे सनई वाजत होती. सगुणा सुजल्या ओठानिशी, डोक्यावर पदर नाही, पोर छातीशी घट्ट धरून होडीत बसली. सबंध खाडीभर ती एकच वाक्य म्हणत होती, "मला सांगितलं होतं."

लग्न लागलं. कऱ्हा रंगूबाईच्या भावाच्या सुनेनं धरला. सगुणा तीन दिवस दवाखान्याच्या फरशीवर होती आणि तिला कऱ्ह्याची आठवण एकदाही झाली नाही. चौथ्या सकाळी शकूनं दूध ओढलं. सगुणा तिच्या ओढण्याचे घोट मोजत होती, मी ऐकलंय.

रंगूबाई आली ती लग्नाच्या करंज्या घेऊन. बसायच्या आधीच म्हणाली, "वाटी उघडी टाकून कोन गेली? तू गेलीस. माजे नावानं बोटं मोडू नको."

उत्तर कोपऱ्यात बसलेल्या गंगुबाईनं दिलं.

"बोटं कशाला मोडेल ती? बोटं तर तुजीच होती, रंगू." मग तिनं सगुणेच्या कनवटीला असलेल्या मला हात लावला. "ही चिमटी बघ. पोपटचा तुटका वस्तरा हाय हा. तीन दिस तुजे सुनेचे तोंडावं फिरलाय. महिपत बाहेर बसलाय, जा, जिता हाय का बघून ये."

रंगूबाई उभीच राहिली. बाहेर महिपत कोणाशी तरी होडीच्या भाड्यावरून वाद घालत होता, त्याचा आवाज स्वच्छ येत होता. तिनं करंज्यांचं फडकं खाली ठेवलं आणि स्वतःच्या उजव्या हाताची तीन बोटं बराच वेळ पाहिली. क्षमा तिनं मागितली नाही, शेवटपर्यंत नाही. पण त्या हातानं तिनं पुन्हा कोणालाही हळद लावली नाही.

सगुणेनं मला लोहाराकडून सरळ करून घेतलं नाही. वाकलेल्या टोकानंच ती रोज दहा केस काढायची, भर अंगणात, दार उघडं ठेवून, कोणीही बघो. एखाद्या दिवशी काढायचीही नाही. पुढे शकू तेरा वर्षांची झाली आणि तिच्याही ओठावर लव आली. तेव्हा सगुणेनं तिला उजेडात बसवलं, हनुवटी वर केली, आणि आधी विचारलं, "तुला काढायचेत, का कोणी हसलं म्हणून?" शकूनं विचार केला आणि म्हणाली, "राहू दे." त्या दिवशी मी पुन्हा डबीत गेले, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या गंजात अजून सलते. हरताळाची उरलेली पुडी खाडीत टाकली, असं रंगूबाई म्हणाली. टाकताना कोणी पाहिलं नाही. सगुणा म्हातारी होईपर्यंत आढ्यातलं प्रत्येक मडकं उलटं करून बघायची.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी लोखंडाचा तुकडा आहे, गंजेन. पण तुमच्या घरात कोणी आरसा घेऊन, दार लावून बसली असेल. मोठी ताई असेल, मामी असेल, नुकतंच बाळ झालेली वहिनी असेल. तिला कोणीतरी हसलंय. जा, दार वाजवा. तिच्या वाटीत काय आहे ते विचारा, आणि बाळ कुठे आहे तेही विचारा. उद्या नको, आत्ता जा.