एक जूनच्या दोन भागिरथा

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. मित्रांनो, आजवर मी दुसऱ्यांचंच बोलणं पोहोचवत आलो, म्हणून स्वतःची गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. तरी ऐका.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते वाशिमचं दुकान. अनसिंगच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या भागिरथाबाई इंगोले यांनी पहिल्या मानधनातून मला घेतलं आणि एसटीत रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं. बँकेत त्यांनी माझाच नंबर दिला. वीज गेली की माझ्या उजेडात त्या भाकरी थापत. तेव्हा घरात माझं फार कौतुक होतं.

पुढे त्यांच्या मुलीचा, धम्मदीपाचा, काचेचा फोन आला आणि मी सुईदोऱ्याच्या डब्यात गेलो. माझी बॅटरी फुगली, पाठीला रबर लागलं. भागिरथाबाई मात्र माझं रिचार्ज आणि चार्जिंग चुकवत नसत.

"आई, त्या डबड्यात कायले पैसे घालून राह्यली?" धम्मदीपा चिडवायची. खरं सांगतो, मलाही तिचंच पटायचं.

मग धम्मदीपाला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीसाठी शैक्षणिक कर्ज हवं होतं आणि त्यात आईचंही नाव लागत होतं. बँकेने नकार दिला. आईच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आजवरच्या कर्जांच्या नोंदीत, मोटारसायकलचं थकलेलं कर्ज दिसत होतं. फी भरण्याची मुदत तर जवळ आलेली.

"मले सायकलबी येत नाही," भागिरथाबाई म्हणाल्या, "मी मोटारसायकल कायले घेईन?"

शेजारणी म्हणाल्या, भरून टाका आणि मोकळ्या व्हा. एका एजंटाने पैसे घेऊन रिपोर्ट साफ करून देतो म्हटलं.

"जे घेतलंच नाही, ते काहून भरू?" एवढं बोलून भागिरथाबाई घरी आल्या.

रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे धम्मदीपाने शोधून काढलं. सगळी माहिती भरली, आणि काचेच्या फोनवर ओळ आली की ओटीपी बँकेतल्या नंबरवर पाठवला आहे.

तो नंबर माझा होता. डब्यात सुयांमध्ये मी थरथरलो. कित्येक दिवसांनी मायलेकी एकदम माझ्याकडे धावल्या.

मग दोघींनी रिपोर्टची ओळ न् ओळ वाचली. बचत गटाचं फिटलेलं कर्ज बरोबर होतं. मोटारसायकलच्या कर्जापुढे नाव भागिरथा इंगोले, गाव अनसिंग, जन्म एक जून. पण पॅन नंबर दुसराच होता आणि पत्ता गावाच्या पलीकडच्या टोकाचा.

भागिरथाबाईंना हसू आलं. शाळेत घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावला होता. त्याच वर्गात आणखी एक भागिरथा होती. तीही पुढे गावातल्याच दुसऱ्या इंगोल्यांकडे सून म्हणून गेली.

तक्रार केली, तर कर्ज देणाऱ्या कंपनीने कळवलं की नाव आणि जन्मतारीख जुळते, नोंद बरोबर आहे. धम्मदीपाचा चेहरा उतरला. भागिरथाबाई मात्र उठल्या, मला पदराला बांधलं आणि थेट दुसऱ्या भागिरथाच्या अंगणात गेल्या. वाकडा शब्द न बोलता त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाईच्या मुलाने आईच्या नावावर गाडी घेतली होती आणि हप्ते थांबले होते. मग तिने आपले कागद पिशवीत घातले आणि चप्पल पायात सरकवली.

कंपनीच्या वाशिमच्या कार्यालयात ती मान वर करून म्हणाली, "साहेब, गाडी माही हाय. थकलेले हप्तेबी माहेच. इच्या नावावर कायले टाकता?"

नोंद दुरुस्त झाल्याचा संदेश माझ्यावरच आला, आणि मुदतीच्या आत कर्ज मंजूर झाल्याचाही. धम्मदीपा आता अकोल्याहून मुद्दाम माझ्याच नंबरवर फोन करते. दुसऱ्या भागिरथाने थकलेले हप्ते भरायला घेतले आहेत.

मित्रांनो, तुमच्या नावावर काय लिहिलंय, ते वर्षातून एकदा तरी स्वतः वाचा. चूक दिसली तर घाबरून पैसे भरू नका, मागेही हटू नका. आणि बँकेत दिलेला नंबर जिवंत ठेवा, मग तो माझ्यासारख्या डबड्यात का असेना.

यंदा एक जूनला दोघी भागिरथा आमच्या ओसरीवर चहा घेऊन बसल्या. गुरुजींनी दिलेल्या वाढदिवशी त्यांनी आपापला रिपोर्ट उघडला. मी आदल्या दिवसापासून चार्जिंगला होतो.