लोटीच्या बुडाची कडी

कडी लोटीच्या बुडाला होती. काठाशी, जिथे दोरी बांधायची, तिथे एक होतीच. पण ही दुसरी, करंगळीतल्या अंगठीएवढी, बुडाच्या नेमक्या मध्यावर कथलाचा डाग देऊन बसवलेली, आणि तिच्यात शाळेच्या गणवेशाची निळी रिबीन ओवलेली. परीक्षक म्हणून आलेल्या नेमिनाथ गुरुजींनी लोटी उपडी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डागाच्या कडेवरून अंगठा फिरवला — गुळगुळीत. जरा जास्तच गुळगुळीत. अकरा वर्षांच्या हाताला कथलाचा असा सलग ओघ साधतो काय?

"चुकलंय ना हे, गुरुजी?" तेजस्वी मॅडम शेजारून हळूच म्हणाल्या. निपाणीबाहेरच्या टेकाडावरच्या या खासगी शाळेत मुलांनी हाताने करून शिकावे, हा उपक्रम त्यांनीच सुरू केला होता. "बुडाला कधी कडी असते काय? उलटंच होणार की भांडं."

गुरुजींनी बुडाची कडी बोटाने हलवून पाहिली. उलटे होण्यासाठीच तर ती होती. यंदाचा विषय 'पाणी'. सभागृहातल्या चाळीस टेबलांवर थर्माकोलच्या त्याच हिरव्या टेकड्या, तीच निळी नदी, एकाच दुकानातून आलेली तीच प्लास्टिकची झाडे — आणि या सगळ्यात ही एकच वस्तू यथार्थ होती, म्हणूनच तर संशय! जैनांची जुनी रीत अशी : पाणी दुपदरी वस्त्राने गाळावे, वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याने लोटीत उतरवून घ्यावे, आणि ती जिवाणी, म्हणजे ते जीवांसकटचे पाणी, ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत पोचवावी. वरून ओतायची नाही. एवढ्या उंचीवरून पडून ते जीव जगायचे नाहीत. लोटी पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग बुडाची दोरी ओढायची, की ती कूस बदलावी तशी कलते... घरोघरी नळ आले आणि जैनांच्या घरांतूनही ही लोटी माळ्यावर गेली. मग हे या मुलीला कोणी सांगितले? आणि ज्याने सांगितले त्यानेच केले नसेल कशावरून?

हातातल्या कागदावर शेवटचा रकाना होता : 'विद्यार्थ्याने स्वहस्ते केले आहे — होय / नाही.' 'होय' असेल ते बेळगावच्या प्रदर्शनात जाणार. 'नाही' असेल त्यावर 'पालकांची मदत' अशी पिवळी चिठ्ठी लागणार, आणि दुपारी सगळे आईबाप येतील तेव्हा ती तशीच दिसणार. सकाळपासून गुरुजींनी एकोणीस चिठ्ठ्या लावल्या होत्या. छत्तीस वर्षे संस्कृत शिकवताना त्यांनी उत्तरपत्रिकेवरून मागचा हात ओळखला होता. नेमिनाथ गुरुजींना फसवता येत नाही असे लोक म्हणत, आणि ते ऐकून त्यांना... होय, सुखच होत असे.

"डाग कोणी दिला?"

"मीच दिला, गुरुजी." त्रिशला टेबलामागे ताठ उभी होती. "अरिहंतकाकाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय न्हवं, तिथल्या यंत्रानं. तीनदा कडी निघाली. मग लोटी आधी गॅसवर तापवली, तवा कुठं कडी धरली."

"आणि काका काय करत होते?"

"हसत हुता. म्हणाला, शाळंत जातीस का कल्हईवाल्याकडं?"

तेजस्वी मॅडम हसल्या. गुरुजी हसले नाहीत. तिचे उत्तर तयार होते. तीनदा निघाली — तीनच कशी? पाठ केलेल्या गोष्टीत नेहमी तीनच असतात.

"कडी बुडाला लावायची हे कोणी सांगितलं?"

"आमच्या घरातल्या चंपाआत्तीनं. लिहून न्हाय दिलं, नुसतं हातानं करून दाखवलं... असं." तिने मनगट हवेत वळवले, आणि न विचारताच डावा अंगठा पुढे केला. अंगठ्यावर भाजल्याचा तांबूस चट्टा होता.

गुरुजींनी तो पाहिला, आणि तो का दाखवला हा प्रश्न त्यांच्या मनात चट्ट्याच्याही आधी उभा राहिला. चहाच्या वेळी तेजस्वी मॅडम सांगत होत्या, "आता प्रोजेक्ट करून देणारे दुकानदारच विचारतात, गुरुजी, मुलानं केल्यासारखं करू का म्हणून. जरा वाकडं चिकटवतात, एखादी चूकसुद्धा ठेवतात." म्हणजे गुळगुळीत असेल तर मोठ्यांचे, वाकडे असेल तर दुकानदाराचे, चट्टा असेल तर भाकरीच्या तव्याचा, आणि नसेल तर... नसेल तर काय? या मुलीने कोणत्या रूपाने समोर यावे, म्हणजे मी तिला खरी म्हणेन? प्रश्न आला तसाच त्यांनी तो दूर सारला.

"करून दाखव."

तेलाचा पाच लिटरचा कॅन वरून कापून तिने विहीर केली होती. आरपार दिसणारी, तळाशी चार बोटे पाणी. लोटी खाली जाऊ लागली. त्रिशलाचे ओठ किंचित हलत होते. "टेकली," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने निळी रिबीन ओढली. लोटी कलली. आवाज झाला नाही. पाण्यावर एक वलय उमटले, काठाला लागले, विरले...

...आणि दगड तापलेला होता. मी नऊ वर्षांचा होतो. चिकोडीकडचे आमचे गाव, आणि विहीर शेताच्या पार टोकाला. आई पहाटे पाणी गाळायची, पण जिवाणीची लोटी देऊन मला पाठवायची ती सगळे आवरल्यावर, ऊन चढल्यावर. वाटेत बाभळीचे काटे, आणि अर्ध्यावर तो काळा, सपाट दगड. पहिल्या दिवशी पाय पोळले म्हणून तिथेच ओतली. दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून. पाणी दगडावर पडताच चर्र व्हायचे आणि क्षणात वाळायचे. तो सारा उन्हाळा. दोरी ओली दिसावी म्हणून मी ती पाटात बुडवून नेत असे — कोणी शिकवले नव्हते, माझे मलाच सुचले होते. आई विचारी, "सोडलीस?" मी म्हणे, "सोडली." ती दोरीकडे कधी पाहतच नसे. लोटी घेई, पालथी घाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवी...

"गुरुजी?" तेजस्वी मॅडमनी पेनाकडे खूण केली. "पुढचं टेबल राहिलंय."

त्यांनी पेन कागदावर टेकवले. त्रिशला कॅनच्या काठावरून वाकून पाहत होती. लोटीला चिकटलेला शेवटचा थेंब पडेना म्हणून तिने रिबिनीला एक हलका झटका दिला. थेंब पडला. मग तिने वर पाहिले.

"गुरुजी, तुम्ही सोडलीया व्हय कधी? खऱ्या हिरीत?"

सभागृहात केवढा गलबला होता. तरीही आता सगळे थांबून ऐकते आहे असे त्यांना वाटले. तिच्या डोळ्यांत त्यांनी तोच संशय शोधला, जो सकाळपासून आपल्या डोळ्यांत असणार. आता ती विचारील. किती खोल होती, पायऱ्या किती, दोरी कसली...

"सोडली आहे," ते म्हणाले. "लहानपणी. रोज."

"मग तुम्हाला ठावंच की," त्रिशला म्हणाली, आणि निश्चिंत होऊन रिबीन गुंडाळू लागली.

तिने आणखी काहीच विचारले नाही. गुरुजी वाट पाहत राहिले. कागदावर 'होय' आणि 'नाही' यांच्या मधोमध पेनाच्या टोकाखाली शाईचा एक ठिपका पसरत होता. आणि पासष्ट वर्षांनंतर प्रथमच त्यांना वाटत होते, कोणीतरी ती दोरी हातात घेऊन पाहावी.