अण्णाच्या मनगटावरचं घड्याळ

अण्णाचं घड्याळ तुला मिळालं का गं, असं औशात अजून कुणी ना कुणी विचारतंच. मी तोंडावर सांगते, तुमचं काय जातंय? घड्याळ माझंच होतं. अण्णानं चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर घड्याळ शिवकांताचं. गुंडप्पानं हात लावायचा न्हाई." गुंडप्पा म्हणजे त्याचा एकुलता एक पोरगा, नांदेडला नोकरीला.

अण्णा, म्हणजे सिद्धराम, माझा थोरला भाऊ. नवऱ्यानं मला वर्षाच्या आत माघारी धाडलं, तवापासून मी त्याच्याच घरी. पुढं वहिनी वारली, गुंडप्पा नांदेडला गेला, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. अण्णा लई घुमा. दिवसभरात चार शब्द बोलला तरी पुष्कळ.

बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडायच्या कामावर मुकादम होता. घड्याळ नव्हतं, उन्हाकडं बघून सुट्टी द्यायचा. एक दिवस साहेब जीपमधून उतरला, आपल्या मनगटाकडं बघितलं आणि घरी निघालेल्या बायांना परत उन्हात बसवलं. का, तर वीस मिनिटं बाकी हायेत म्हणे! अण्णाच्या ते जिव्हारी लागलं. दुष्काळ सरल्यावर लातूरच्या गंजगोलाईत, बाजारात जाऊन त्यानं घड्याळ आणलं. पण त्याच कामावर त्याचा उजवा अंगठा दगडाखाली ठेचला होता. घड्याळाची बारकी चावी काही चिमटीत येईना.

"दे गं," म्हणून त्यानं डावा हात माझ्यापुढं केला.

तवापासून नऊ वर्षं, रोज सकाळी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या की तो हात पुढं करायचा आणि मी चावी द्यायची. मोजून वीस फेरे. घड्याळ मनगटावरून काढायचा न्हाई. मी बोटं लावली की मान दुसरीकडं वळवायचा, लाजल्यासारखा. उभ्या जन्मात मला कुणी रोज हात दिला असेल तर तो अण्णानं.

एकदा गुंडप्पाकडं नांदेडला राहून आला, तर घड्याळ बंद. सकाळी दिलेली चावी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत पुरायची, पुढं न्हाई. "सुनंनं दिली असती की चावी," मी म्हणाले.

"तिला काय जमतंय," अण्णा म्हणाला आणि हात पुढं केला.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, त्या दिवशी पहाटे अण्णा गेला. दिवस तरी कसला निवडला! निम्मं गाव लातूरला सोहळ्याला गेलेलं, यष्ट्यांत पाय ठेवायला जागा न्हाई. नांदेडहून गुंडप्पा पोचेपर्यंत दोन वाजले. त्याच्या आधी, सकाळीच शेजारच्या महादेवीनं आणि चार म्हाताऱ्यांनी अंघोळ घालून अण्णाला भिंतीला टेकवून बसवलं. आमच्या लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात आणि बसवूनच पुरतात.

"शिवकांता, घड्याळ तेवढं काढून घे बाई," महादेवी म्हणाली.

मी हात लावला. तेवढ्यात कुणाच्या तरी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या आणि माझ्या बोटांनी काढायचं सोडून चावी दिली. वीस फेरे. महादेवी ओरडली, "अगं, येड लागलं का तुला?" ते उघडं मनगट मला बघवलं नसतं. म्हणलं, निघताना काढू. आणि रडारडीत राहूनच गेलं.

रानात खड्ड्यात उतरवल्यावर मठाच्या स्वामींनी अण्णाच्या डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, वर विभूती आणि बेल घातला, बोटं मिटवली. मग कुठं गुंडप्पाला दिसलं.

"आत्या! घड्याळ!"

सगळे थांबले. स्वामी म्हणाले, "लिंग हाती दिल्यावर हात हलवत न्हाईत. पण वस्तू तुमची हाय. तुम्ही म्हणलात तर सोडवतो."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला ते घड्याळ पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू? त्याच्याबिगर माझ्याजवळ अण्णाचं काय राहणार होतं? पण त्या मुठीकडं बघितलं. हा हात त्यानं आता दुसऱ्या कुणाला तरी दिला होता.

"राहू द्या," मी म्हणाले. लोकांनी माती लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडप्पा म्हणाला, "आत्या, इथं एकटी काय करतीस? आजच नांदेडला चल. तुला नवं घड्याळ घेतो."

"आज न्हाई. दिवेलागण होऊ दे."

तो दिवसभर चिडचिड करत राहिला. मी काही जेवले न्हाई, उंबऱ्यावर बसून राहिले. दोन कोसांवर मातीखाली ते घड्याळ अजून चालू होतं, माझ्याच हातच्या चावीवर. तोवर मला अण्णा पुरता गेलाय असं वाटतच नव्हतं.

महादेवीच्या घरात दिवा लागला. मग आमच्या गल्लीत एकेक करून सगळ्यांकडं लागले.

"बंद पडलं," मी म्हणाले, आणि तवा कुठं मला रडू फुटलं.

"काय बंद पडलं, आत्या?" गुंडप्पा धावत आला.

"काही न्हाई रे. उद्या सकाळी सात वाजता मला काहीच काम न्हाई."