घडीच्या चाकूचा सांधा

मुलाची बँकेतली बदली झाली, म्हणून आम्ही बागबाजारातल्या एका जुन्या घरात राहायला आलो. स्वयंपाकाची भांडी सोबत आणली होती. विळी, सुऱ्या, हत्यारे आणि बाकी सामानाचा ट्रक अजून वाटेतच होता.

जानेवारीतल्या त्या सकाळी मुलगा कामावर गेल्यावर माझी पत्नी मीनाक्षी न्हाणीघरात गेली. दार सागवानी, आडव्या पट्ट्यांचे. गारठा येऊ नये म्हणून तिने आतून पट्ट्यांच्या फटींत कागदाचे बोळे कोंबले होते. आत गॅसचा गीझर होता.

पाणी फार वेळ वाहत राहिले. मी हाक मारली. उत्तर आले नाही. वाकून दाराखालून पाहिले, तर तिचा हात फरशीवर उताणा पडलेला.

"अनुजा, आधी सिलिंडर बंद कर!" मी सुनेला ओरडून सांगितले. कोंडलेल्या जागेत गीझर विषारी वायू सोडतो आणि त्याला वास नसतो, हे मला ठाऊक होते.

"केला बंद! बाबा, लाथ घाला दाराला!"

"दार आत उघडतं. आई त्याच्यामागेच पडली आहे."

खिशात घडीचा चाकू होता. एस्प्लनेडच्या मेट्रोत तो जप्त होता होता वाचला, तेव्हा अनुजाने विचारले होते, "पेरू कापायला शस्त्र कशाला लागतं, बाबा?"

मी पाते फटीत घातले आणि पिळले. पाते सांध्यापाशी डुगडुगले.

"पिळा ना जोरात!"

"सांध्याचा खिळा तुटेल. दुसरा चाकू नाही. लाटणं आण."

पट्टीतल्या लाकडाच्या रेषांना समांतर धार टेकवून मी पात्याच्या पाठीवर लाटणे हाणले. पाते उघडे धरून ठेवणारे चाकूचे कुलूप सटकले, मूठ उसळली आणि माझी बोटे थोडक्यात वाचली. आत हालचाल नव्हती. मी "मीनाक्षी" म्हणालो.

घडीचा चाकू पात्यात मजबूत आणि सांध्यात दुबळा असतो. मग सांध्यावर भार येऊच द्यायचा नाही. मी कुलूप मुद्दाम सोडवले, मूठ काटकोनात वळवून दोन बोटांत सैल धरली आणि घाव फक्त पात्यावर घातले. पाते पाचरीसारखे लाकडात शिरू लागले. खालून घरमालक दत्तबाबू आणि आणखी कोणी धावत आले. "की होलो? धाक्का दीन!" काय झालं, धक्का द्या, असे बंगालीत म्हणत त्यांनी खांदा पुढे केला. मी कोपराने त्यांना अडवले.

पट्टी लांबीने चिरली. अनुजाने तुकडा उपटला, हात घालून कडी काढली आणि दार जेमतेम लोटून आडवी होऊन आत शिरली.

"आई! आई, डोळे उघडा!"

तिने खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग पाणी बंद झाले. त्या शांततेत मी श्वास ऐकण्याचा प्रयत्न करीत होतो. मला फक्त माझाच ऐकू येत होता.

आतून ओकारीचा आवाज आला. मग मीनाक्षीचा, जड जिभेचा:

"अगं, चादर टाक अंगावर... आणि बाहेर ही कोण माणसं जमवलीत यांनी?"

दत्तबाबू अॅम्ब्युलन्सला फोन करू लागले. मी लाटणे खाली ठेवायला गेलो. बोटे उघडेनात.